मापाबाहेरचा पांगुळगाडा

माझी थोरली मुलगी दोन वर्षांची व्हायला आली तरी चालत नव्हती. बोलायची मात्र अशी की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. चटईवर बसल्या बसल्या सगळ्या घराला हुकूम सोडायची, आणि कुठे जायचं झालंच तर दोन्ही हात पुढे टेकून ढुंगणावर सरकत जायची. इतक्या वेगात सरकायची की झबली मागून झिजून जायची आणि मी ठिगळं लावत बसायची. ती रांगली नाही, उभी राहिली नाही, भिंतीला धरून एक पाऊल टाकलं नाही. हाताला धरून उभी केली की पाय पोटाशी घ्यायची आणि माझ्या हाताला दुधीसारखी लोंबकळायची.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, तरुणपणी भाईंदरला मिठागरावर कामाला आले आणि इथलेच झाले. पुढे ते मुकादम झाले. मिठागराला लागूनच आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे ओटा आणि ओट्यापुढे अंगण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे पूर्वेला एका कारखान्यात पाळीवर जायचे. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघं, मामंजी, मी आणि ती बोलघेवडी.

आमच्याकडे मूल आपल्या पायाने उंबरा ओलांडतं त्या दिवशी घारगे करतात. लाल भोपळा किसून, गुळात शिजवून, त्यात पीठ मळून केलेल्या जाड गोड पुऱ्या. पोरीचा पहिला वाढदिवस झाला तेव्हा माझ्या आईने त्यासाठी गावाहून चांगला जडशीळ भोपळा पाठवला होता. आता काय, आज ना उद्या चालेलच, म्हणून मी तो स्वयंपाकघरात शिंक्यात टांगून ठेवला. दुसऱ्या कशाला कापायचा नाही असं ठरवलं. तो भोपळा महिनोन् महिने तिथे लटकत राहिला, मग एका बाजूने मऊ पडला, आणि एक दिवस मी तो पदराआड धरून उकिरड्यावर टाकून आले. दुसरा आणून त्याच शिंक्यात ठेवला. चुलीपाशी बसलं की तो बरोबर डोक्यावर यायचा. फोडणी देताना, भाकरी थापताना वर बघायचं नाही असं मी ठरवायची आणि हटकून बघायची.

लोक काय, लोकांना तोंड आहे. कुणी म्हणे बोलकी पोरं उशिरा चालतात. कुणी म्हणे तेल कमी पडतंय. शेजारची गुजराती बाई मनाने फार चांगली, पण एकदा तिने पोरीच्या पायाकडे बघून हळूच विचारलं, “पोलियो तो नथी ने, बेन?” तेव्हा तो शब्द उच्चारायलाही आम्ही भीत असू. मी तिला हसून काहीतरी उत्तर दिलं, आणि त्या दिवसापासून पोरीला बाहेर न्यायचंच बंद केलं. कुणी आलं की तिला मांडीवर घेऊन बसायची. मांडीवरचं मूल चालतं की नाही ते कुणाला कळणार? मी तशी तोंडाची फटकळ, भल्याभल्यांना सुनावणारी, पण या एका गोष्टीत माझी वाचा बसली होती.

त्यातच मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. जीव वाचला हेच खूप, असं सगळे म्हणाले. पण मामंजींची जात वेगळी. हा माणूस आयुष्यभर मिठागराच्या बांधांवरून चाललेला. ते बांध कसले असतात ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. वीतभर रुंदी, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गुडघाभर चिखल, आणि वरून ऊन. त्यावरून हे अनवाणी, हात मागे बांधून, आमच्या अंगणातून चालावं तसे चालायचे. त्यांना आता मोरीपर्यंत न्यायलाही माणूस लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, रोज थोडं चाला, पाय परत येईल. मामंजींनी काठीकडे अशी काही नजर टाकली की ह्यांनी ती मुकाट्याने दाराआड ठेवून दिली. “पाय गेला,” मामंजी म्हणाले. तेवढंच. मग ओट्यावरच्या खुर्चीत बसून राहिले.

तर असं आमचं घर. एक पाय गेलेला, एकीचे आलेलेच नाहीत, आणि दोघांना इकडून तिकडे उचलून ठेवणारी मी.

पांगुळगाडा आणायचं माझ्या मनात कधीपासून होतं. माझ्या माहेरी प्रत्येक पोर त्या तीन चाकांच्या लाकडी गाड्याला धरून चालायला शिकलेलं. पण बाजारात जाऊन विचारायचं म्हणजे बोभाटा. आमच्याकडे रोज राईहून एक कोळीण म्हावरं घेऊन यायची. त्यांच्या गावात होड्या दुरुस्त करणारा एक सुतार आहे हे मला ठाऊक होतं. एक दिवस बोंबील निवडता निवडता मी तिला म्हटलं, “त्या तुमच्या सुताराला सांगशील का, मुकादमांच्या घरी एक पांगुळगाडा हवाय म्हणून? लवकर दे म्हणावं, घरात गरज आहे.” कुणासाठी ते मी सांगितलं नाही. लहान मूल घरात असताना पांगुळगाडा कुणासाठी ते काय सांगायला हवं?

“सांगते की,” ती म्हणाली. “न्हाय कसा करील?”

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मिठाच्या बैलगाडीतून सुतार स्वतः आला. गाडीवानाने आणि त्याने मिळून एक अवाढव्य वस्तू अंगणात उतरवली. मी पोरीला कडेवर घेऊन दारात आले आणि बघतच राहिले. पांगुळगाडाच होता. तीन चाकं, खाली तिकोनी चौकट, मध्ये आडवी फळी, वर धरायला गुळगुळीत दांडा. सगळं जिथल्या तिथे. फक्त तो दांडा माझ्या कमरेच्या वर येत होता. होडीच्या उरलेल्या लाकडाचा केलेला, चांगला जाडजूड, आणि होडीला चोपडतात त्या माशाच्या तेलाचा त्याला भपकारा.

सुताराने मामंजींना रामराम केला आणि अभिमानाने म्हणाला, “पांगुलगारा. तुमचेच मापाचा केलाय, मुकादम.”

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मुकादम पांगळे झाले हे राईपासून घोडबंदरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमांची नात चालत नाही हे शेजारपाजार सोडला तर कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी ते झाकून ठेवलेलं. मुकादमांच्या घरी पांगुळगाडा हवाय म्हटल्यावर त्याने दुसरा कोण पांगळा धरावा? उलट त्याला ही युक्ती फार आवडली असणार, की मोठ्या माणसालाही गाडा करता येतो.

मामंजींचा चेहरा लाल झाला. आजारपणापासून त्यांच्या तोंडून एकही वाक्य न अडखळता आलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं. “खाडीत टाक,” ते म्हणाले, अगदी स्वच्छ. सुतार गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी आत पळाले. चुलीपाशी बसून मला आधी हसू फुटलं, आणि मग वर भोपळा दिसला आणि रडू आलं. दोन्ही एकदमच चाललं होतं. सुताराला चहा द्यायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कोळीण आली तेव्हा मी तिच्यावर तोंड सोडलं. तिने पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि माझं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी काय खोटा बोलले, बाय? तुजे घरान पांगला कोन हाय, तां तू कवा सांगतलास?”

मी पाटीतले बोंबील निवडून घेतले.

गाडा खाडीत गेला नाही. एवढं लाकूड कोण टाकतं? अंगणात ओट्याला लागून तो पडून राहिला. मामंजी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले. खुर्चीसुद्धा फिरवून घेतली. पण माझ्या पोरीला मात्र गाडा पाहिल्यापासून चैन नव्हतं. ओट्याच्या पायऱ्यांवरून ती ढुंगणावर घसरत उतरली, अंगणातून सरकत गेली, आणि मधल्या आडव्या फळीवर चढून बसली. ती फळी जणू तिच्याच मापाने केलेली. दोन बाजूंचे खांब धरून, पाय लोंबकळत सोडून महाराणी बसल्या, आणि हुकूम सुटला, “आबा, ढकल.”

मामंजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. ती पुन्हा म्हणाली. ती थांबणाऱ्यातली नव्हतीच. आजोबा ऐकत नाहीत म्हटल्यावर ती सूर बदलत गेली, आधी हुकूम, मग लाडीगोडी, मग नुसतं “आबा, आबा, आबा.” शेवटी मामंजींनी खुर्चीत बसल्या बसल्याच डावा हात लांब करून गाड्याला एक ढकल दिली. गाडा हातभर गेला. ती खिदळली. “परत आण,” म्हणाली. आता परत आणायचा तर वाकायला हवं. मामंजी वाकले.

हे असं रोज चालू झालं. मग मामंजींनी ह्यांच्याकडून आपली खुर्ची अंगणातच उतरवून घेतली. मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही, म्हटलं दोघांचा वेळ जातोय. एकदा विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. अंगणाच्या कडेला आले आणि जागच्या जागी थांबले. मामंजी उभे होते. डाव्या मुठीत दांडा घट्ट धरलेला, उजवा हात दांड्यावर नुसता टाकलेला, सगळा भार त्या जड गाड्यावर. आणि गाडा चालत होता. डावा पाय पुढे पडे, मग उजवा पाय मातीवरून फरपटत त्याच्यापर्यंत येई, मग थोडं थांबणं, मग पुन्हा डावा. पुढे फळीवर पोर बसलेली, मागे तोंड करून त्यांना म्हणत होती, “अजून, आबा, अजून.” मामंजींच्या कपाळावर घामाच्या धारा. तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं. लहान मूल पहिल्यांदा घास हातात धरतं तेव्हा त्याचं सगळं लक्ष जसं त्या घासात असतं, तसा त्यांचा चेहरा होता. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी माझ्या तोंडावर सांडायला लागलं तरी मला हलवेना. मी देवळात जाते, सणवार करते, पण अंगावर असा काटा मला तिथे कधी आला नव्हता.

गाडा हलका असता तर त्यांच्या भाराने पुढे पळाला असता आणि मामंजी तोंडावर आपटले असते. होडीच्या लाकडाचा तो धोंडा, म्हणून त्याने त्यांना तोलून धरलं. त्यात पुढे पोरीचं वजन. चुकून झालेली वस्तू अशी नेमकी कशी होते, मला आजही कळलेलं नाही.

मामंजी सुधारत गेले. ह्यांनी ओट्याच्या पायऱ्यांवर फळ्या टाकून गाड्यासाठी उतार केला, आणि अंगणातून ते मिठाच्या गाड्या जायच्या रुंद वाटेवर जायला लागले. येणारे जाणारे थांबून बघत. सुताराला तर कोण आनंद. आणि मी? खरं सांगते, मला राग यायला लागला. माझ्या पोरीसाठी मागवलेला गाडा, त्यावर चालायला लागले सासरे, आणि पोर पालखीत बसल्यासारखी बसून फिरतेय. ज्याच्या चालण्याची आशा सगळ्यांनी सोडली होती तो चालतोय, आणि जिची वाट बघतेय ती नाही. एकदा संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ बोलून दाखवलं. हे म्हणाले, “बाबांचं बरं झालं तर तुला वाईट वाटतंय?” मी म्हटलं, “मला वाईट वाटत नाही. मला पोरीचं हवंय.”

मामंजींनी ते ऐकलं असावं. दोन खोल्यांत काय लपून राहतं? दुसऱ्या दिवशी पोर फळीवर चढायला गेली तर त्यांनी डाव्या हाताने तिला खाली उतरवलं. तिने भोकाड पसरलं. मामंजी ढिम्म. तिला त्यांनी आपल्या आणि दांड्याच्या मधल्या जागेत घेतलं, तिचे हात त्या फळीवर ठेवले, आणि गाडा पुढे ढकलला. मला वाटलं आता ही पाय पोटाशी घेणार आणि लोंबकळणार. मी धावले. मामंजींनी मान हलवून मला थांबवलं. गाडा हातभर सरकला आणि थांबला. मामंजींचा डावा पाय पडला, मग उजवा फरपटत आला. या सगळ्याला इतका वेळ लागला की पोर रडायची थांबली, खाली बघत राहिली, आणि तिने एक पाय पुढे ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी, हे, शेजारीण, माझी आई, आम्ही सगळ्यांनी तिला हाताला धरून चालवून पाहिलं होतं. आम्ही आमच्या परीने हळूच चालत होतो. पण धडधाकट माणसाचं हळूसुद्धा तिच्यासाठी पळणं होतं. म्हणून ती पाय उचलून घ्यायची. तिच्या चालीने चालेल असा माणूस साऱ्या भाईंदरात एकच होता, कारण त्याला त्याहून वेगाने चालता येतच नव्हतं. आयुष्याच्या दोन टोकांना माणसाचा वेग असा सारखा होतो, आणि त्या वेगाला एकमेकांशिवाय सोबत मिळत नाही. मी अंगणात उभी राहून ते बघत होते आणि माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले म्हणाल तर मला नाही सांगता यायचं.

मी त्या दिवशी शिंक्यातला भोपळा खाली काढून पुसून ठेवला. पण उंबरा अजून बाकी होता. गाडा धरून चालणं वेगळं, आपल्या पायाने उंबरा ओलांडणं वेगळं.

आणि मग तिचा पाय माझ्या लक्षात आला. पोर चालायला लागली होती, गाडा सोडून भिंतीला धरूनही चार पावलं टाकत होती, पण तिचा उजवा पाय उचलला जात नव्हता. डावा पाय पडे आणि उजवा मागून फरपटत येई. मी डोळे चोळून पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेजारणीचा तो प्रश्न कानात घुमायला लागला. जे इतके दिवस झाकलं ते हेच होतं तर. मी तिला उचलून घरात आणली, दार लावलं, तिचा पाय मांडीवर घेऊन दाबला, चोळला, तळव्याला गुदगुल्या केल्या. ती हसली आणि पाय झटकन वर घेतला. पाय तर चांगला होता. खाली सोडली की पुन्हा फरपट. हे कामावर, कुणाला विचारू? पोरीला मामंजींपाशी सोडून मी तशीच बाहेर आले आणि गाड्याच्या वाटेने चालायला लागले, कुठे जातेय ते ठाऊक नसताना.

पहाटे भरतीचं पाणी वाटेवर चढून ओसरलं होतं. ओल्या मातीत सकाळच्या फेरीच्या खुणा स्वच्छ उमटलेल्या. तीन चाकांच्या तीन रेघा. त्यांच्या मध्ये मोठ्या डाव्या पावलाचे ठसे, आणि उजव्या बाजूला पाय ओढल्याची लांब रेघ. आणि त्याच्या आत, पिंपळाच्या पानाएवढ्या डाव्या पावलाचे ठसे, आणि उजव्या बाजूला तशीच एक बारीक रेघ. मोठ्या रेघेच्या आतल्या अंगाने, तिच्याशी समांतर. मी तिथे चिखलात बसले. माझ्या पोरीचा पाय अधू नव्हता. तिने चालायला गुरू केला होता, आणि गुरू जसा चालला तशी ती चालत होती. चालायचं म्हणजे डावा टाकायचा आणि उजवा ओढायचा, असंच तिला वाटत होतं.

घरी येऊन मी फटकन बोलून गेले. दम धरणं माझ्या स्वभावातच नाही. “मामंजी, पोर तुमच्यासारखी पाय ओढते. तुमचं बघून.”

मला वाटलं आता गाडा कायमचा सुटणार. मी कशाला बोलले असं झालं. मग त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं. जड जिभेने, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “पाय गेला, असं मी म्हणत होतो. आता तिला काय सांगू? तुझाही गेला?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो पाय उचलायला घेतला. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, ह्यांनी सांगून झालं होतं, मीही दोनदा सुनावलं होतं. तेव्हा नाही उचलला. आता उचलत होते. सुरुवातीला काहीच होईना. दांडा पकडून ते उभे राहायचे, दात आवळलेले, मानेच्या शिरा ताठलेल्या, आणि पाय जमिनीला खिळलेला. पोर पुढे उभी राहून वाट बघायची. तिला घाई नव्हती. एक दिवस टाच सुटली. मग एकदा गुडघा वर आला. एकदा यायला लागल्यावर मामंजी तो मुद्दाम उंच घ्यायला लागले, पोरीला नीट दिसावा म्हणून. ती तर त्यांच्याहून हुशार, ती आपला पाय छातीपर्यंत घ्यायची. दोघं त्या वाटेने मिठागरातल्या बगळ्यांसारखे एकेक पाय उंच उचलत चालायचे. गाडीवान बैल थांबवून हसायचे. मामंजी, एरवी कुणी हसलं तर अंगावर जाणारे, त्यांच्याकडे बघतही नव्हते. मी रोज भांडी तशीच टाकून ओट्यावर येऊन बसायची. साठी ओलांडलेला माणूस, जन्मभर चाललेला, चालणं म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून शिकतोय, आणि तेसुद्धा स्वतःसाठी नाही. हे बघायला मिळालं म्हणून मी आजही स्वतःला भाग्यवान समजते.

एका रविवारी हे घरी होते. सकाळची फेरी झाली. गाडा उंबऱ्यापाशी आला की थांबायचा, त्याला उंबरा ओलांडता येत नसे. तिथून पुढे मामंजींना कुणीतरी धरून आत आणायचं आणि पोरीला मी उचलायची, हा रोजचा परिपाठ. त्या दिवशी हे हात पुढे करणार तोच मामंजींनी दाराची चौकट धरली. दांडा सोडला. डावा पाय उंबऱ्यावरून आत टाकला. मग उजवा. तो वर आला, उंबऱ्यापाशी अडखळला, थोडा मागे गेला. ह्यांनी श्वास धरलेला. मी चुलीपाशी हातात उलथनं घेऊन उभी. पाय पुन्हा वर आला आणि आत पडला. मामंजी घरात उभे होते. त्यांनी मागे वळून बघितलं.

पोर उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने चौकट धरली, अगदी त्यांनी धरली होती तशी. डावा टाकला. मग उजवा उचलला, छातीपर्यंत उंच, आणि आत ठेवला. अडखळलीसुद्धा नाही. मग आमच्याकडे बघून म्हणाली, “आता?”

आमच्यात अख्ख्या भोपळ्याला बाईने सुरी लावायची नसते, पहिली चीर पुरुषाने द्यायची. मी भोपळा पाटावर ठेवला आणि विळा ह्यांच्यापुढे केला. ह्यांनी तो मामंजींना दिला. मामंजींनी डाव्या हाताने उजवा हात उचलून विळ्याच्या मुठीवर ठेवला, वरून डाव्याने दाबला, आणि चीर दिली. वाकडी गेली. त्या दिवशी घारगे थोडे जास्त तळले गेले, कारण मला कढईतलं धड दिसत नव्हतं. पहिला घारगा कुणाला द्यायचा हा प्रश्न पडला. रिवाज पोरीचा, पण उंबरा आधी मामंजींनी ओलांडलेला. मामंजींनी हात पुढे केला आणि म्हणाले, “मला. मी मोठा.” आजारपणानंतर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

त्यानंतर ते बरीच वर्षं चालले. पुढे पुढे गाड्याशिवायही, नुसते भिंतीच्या आधाराने. गाडा मग आमची कोळीण घेऊन गेली, धक्क्यावर पडून तिची कंबर मोडली तेव्हा. तिच्या मापाला तो थोडा उंच होता, तर सुताराने त्याचे खांब कापून दिले म्हणे. तो परत आला नाही आणि मी मागितला नाही. राईच्या कुणा ना कुणा घरात तो फिरत राहिला असणार.

माझी ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. तिकडे भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक नावाच्या नव्या वस्तीत राहते. चालायला इतकी चपळ की तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला शिक्षा. पण कधी दिवसभराची दमून संध्याकाळी माझ्याकडे आली की जिन्यात मला तिच्या आधी तिचा पाय ऐकू येतो. डावा पडतो, आणि उजवा किंचित ओढत मागून येतो. तिला ते ठाऊक नाही. मी तिला कधी सांगितलं नाही. मी दार उघडायला उठते, आणि उंबऱ्यापाशी आल्यावर ती तो पाय उचलून आत ठेवते, दर वेळी, गरजेपेक्षा जरा उंच.